घटक ३ : सर्व्हरवरील टपाल-आज्ञावलीची पारख : ‘आहे’, ‘चालते’ आणि ‘पोहोचले’

३.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास

१. सर्व्हरवरील टपाल-आज्ञावली म्हणजे काय, हे सांगता येईल;
२. ती कार्यरत आहे की नाही, हे स्क्रिप्टमधून पायरीपायरीने कसे तपासतात, ते समजेल;
३. प्रत्येक तपासणीतून नेमके काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, हे ओळखता येईल;
४. तपासणीच्या निष्कर्षाला साजेसा, अचूक मराठी संदेश लिहिता येईल.

३.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण संगणकावरील मराठीच्या लेखनव्यवस्थेचा विचार केला. प्रस्तुत घटकाचा विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल. मराठीच्या विद्यार्थ्याने सर्व्हर आणि स्क्रिप्ट यांच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

माधवनगर येथे यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक दूरस्थ विद्यार्थी नजरेसमोर आणा. परीक्षा अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी तो सांगलीतील एखाद्या सायबर कॅफेत बसून अर्ज भरतो. शेवटचे बटण दाबताच पडद्यावर मजकूर उमटतो : ‘आपणास ई-मेल पाठविण्यात आला आहे.’ तो निश्चिंत होऊन कामावर जातो. ई-मेल मात्र येत नाही. कारण त्या सर्व्हरवरील टपाल-आज्ञावली चार दिवसांपासून बंद आहे. अर्जात राहिलेली त्रुटी दाखविणारे पत्र त्याला मिळतच नाही आणि एक सत्र वाया जाते.

येथे चूक कोणाची? यंत्र बंद पडणे ही गोष्ट नित्याची आहे. खरी चूक त्या वाक्यात आहे. ज्या गोष्टीची खातरजमा केलेली नव्हती, ती घडून गेल्याचे त्या वाक्याने सांगितले. दूरस्थ शिक्षणात वर्ग नसतो, फळा नसतो. विद्यार्थी आणि संस्था यांच्यातील नाते पत्रव्यवहारावरच उभे असते. म्हणून ‘पत्र गेले’ हे विधान कोणत्या आधारावर करावे, हा प्रश्न तंत्रज्ञाचा आहे तसाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. संकेतस्थळावरील असे संदेश लिहिण्याचे काम उपयोजित मराठीच्या विद्यार्थ्यांकडे येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ टपाल-आज्ञावली म्हणजे काय?

आपण मोबाइलवर किंवा संगणकावर पत्र वाचतो-लिहितो तो प्रोग्राम वेगळा आणि सर्व्हरवर बसून पत्रांची ने-आण करणारा प्रोग्राम वेगळा. पहिला आपल्या टेबलासारखा, तर दुसरा टपाल कचेरीसारखा. या दुसऱ्या प्रकाराला आपण येथे ‘टपाल-आज्ञावली’ म्हणू.

अशा आज्ञावल्यांमध्ये ‘सेंडमेल’ हे सर्वांत परिचित नाव. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ती १९८०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केली. पुढे केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ साली ‘एक्झिम’ लिहिली. वीत्से वेनेमा यांची ‘पोस्टफिक्स’ १९९८ साली प्रसिद्ध झाली. या नव्या आज्ञावल्यांनी एक व्यवहारी मार्ग पत्करला. जुन्या स्क्रिप्ट ‘सेंडमेल’ याच नावाने हाक मारीत असत. म्हणून नव्या आज्ञावल्यांनीही त्याच नावाचे एक प्रवेशद्वार ठेवले. परिणामी सर्व्हरवर ‘सेंडमेल’ नावाची फाइल सापडली, तरी तिच्यामागे मूळ सेंडमेलच असेल असे नाही. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हक तेच राहिले, चिन्हित बदलले. घराण्याचे आडनाव चालू राहावे आणि कर्ता पुरुष बदलावा, तसाच हा प्रकार.

या आज्ञावल्या परस्परांशी ज्या नियमबद्ध भाषेत बोलतात तिला ‘एसएमटीपी’ म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये तिचे प्रमाण रूप प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हापासून आपली ई-पत्रेही याच भाषेच्या आधारे प्रवास करीत आहेत.

३.३.२ पहिली पायरी : अस्तित्वाची तपासणी

स्क्रिप्ट म्हणजे सर्व्हरने क्रमाने पार पाडावयाच्या सूचनांचा लेख. संकेतस्थळांसाठी पीएचपी ही स्क्रिप्टभाषा मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. म्हणून तिचे उदाहरण घेऊ.

पीएचपीमध्ये पत्र पाठविण्यासाठी ‘मेल’ नावाचे फंक्शन आहे. स्क्रिप्टने प्रथम हे फंक्शन उपलब्ध आहे का, ते पाहावे. कारण काही सर्व्हरचालक सुरक्षिततेसाठी ते बंद करून ठेवतात. त्यानंतर पीएचपीच्या मांडणी-फाइलीत टपाल-आज्ञावलीचा मार्ग कोणता दिला आहे, ते वाचावे. लिनक्स सर्व्हरवर ती बहुधा ‘यूएसआर’ फोल्डरातील ‘एसबिन’ या फोल्डरात असते. काही ठिकाणी ‘यूएसआर’मधील ‘लिब’ फोल्डरात. त्या जागी फाइल आहे का आणि ती चालविण्याची परवानगी स्क्रिप्टला आहे का, असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत.

दोन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर काय सिद्ध झाले? एवढेच की, फाइल आहे. माधवनगरच्या रस्त्यावर तांबडी टपालपेटी उभी दिसली म्हणजे पोस्टमन ती रोज उघडतो असे सिद्ध होत नाही. पेटी गंजून बंद पडलेली असू शकते.

उत्तर नकारार्थी आले, तर आज्ञावली नाही असे म्हणावे काय? तेही घाईचे ठरेल. अनेक सर्व्हरवर स्क्रिप्टला ठरावीक फोल्डरांपलीकडे पाहण्याची मनाई असते. अशा वेळी फाइल असूनही स्क्रिप्टला ती दिसत नाही आणि उत्तर ‘नाही’ असे येते. वस्तुतः ते ‘मला दिसत नाही’ असे असते. ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांतील अंतर आपण बोलताना सहज पाळतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेही ते पाळले पाहिजे. म्हणून तपासणीची उत्तरे दोन नसून तीन असावीत : होय, नाही आणि अनिश्चित.

३.३.३ दुसरी पायरी : हाक मारून पाहणे

टपाल-आज्ञावली जागी आहे का, हे जाणण्याचा थेट उपाय म्हणजे तिला हाक मारणे. सर्व्हरला अनेक क्रमांकित दारे असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. सर्व्हर-सर्व्हरांमधील टपालासाठी पोर्ट २५ ठरलेले आहे आणि वापरकर्त्याकडून पत्र स्वीकारण्यासाठी पोर्ट ५८७. स्क्रिप्टने पोर्ट २५ वर जोडणी मागावी आणि काही सेकंद वाट पाहावी. ही वाट पाहण्याची मुदत आधीच ठरवून द्यावी लागते. नाहीतर उत्तर न देणाऱ्या दारासमोर स्क्रिप्ट ताटकळत राहील आणि तिच्यामागे विद्यार्थीही.

आज्ञावली जागी असेल तर ती ‘२२०’ हा आकडा सांगून स्वागत करते. मग स्क्रिप्ट ‘एहलो’ म्हणून आपली ओळख देते आणि आज्ञावली ‘२५०’ म्हणून आपल्या क्षमतांची यादी सांगते. शेवटी स्क्रिप्ट ‘क्विट’ म्हणते आणि ‘२२१’ हा निरोप घेऊन बाहेर पडते. मूळच्या ‘हेलो’ या आज्ञेची ही विस्तारित आवृत्ती १९९३ साली आली. दोन्ही शब्दांत आपला दूरध्वनीवरचा ‘हॅलो’ ऐकू येतो, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

रोमन याकोबसन यांनी भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांत संपर्क टिकवून धरण्याचे कार्य एक आहे. ‘ऐकताय ना?’, ‘हं, बोला’ अशा उद्गारांत माहिती फारशी नसते. मार्ग खुला आहे की नाही, याची चाचपणी असते. ‘एहलो’ची देवाणघेवाण ही यंत्रांमधील अशीच संपर्कक्रिया होय.

उत्तरांच्या आकड्यांचीही एक व्याकरणव्यवस्था आहे. पहिला अंक अर्थाचा मुख्य भार वाहतो. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे मान्य. ३ म्हणजे पुढे सांगा. ४ म्हणजे तूर्तास शक्य नाही, नंतर या. ५ म्हणजे नकार. ‘४२१’ आले तर सेवा सध्या उपलब्ध नाही. ‘५५०’ आले तर ती टपालपेटी उपलब्ध नाही किंवा पत्र नाकारले आहे. चार आणि पाच यांतील भेद महत्त्वाचा. ‘उद्या या’ आणि ‘येऊ नका’ यांना एकच उत्तर मानणारी स्क्रिप्ट विद्यार्थ्याला विनाकारण परत पाठवील.

या पायरीलाही मर्यादा आहेत. काही सर्व्हर स्वतः दार उघडे ठेवीत नाहीत. आपली पत्रे थेट दुसऱ्या टपाल-सर्व्हरच्या हवाली करतात. तेथे पोर्ट २५ वर कोणी उत्तर दिले नाही, तरी पत्रे व्यवस्थित जातात. याउलट स्थानिक दारावर स्वागत होते; परंतु सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने पोर्ट २५ वरून बाहेर जाणारी वाट अडविलेली असते. तेव्हा पत्र स्वीकारले जाते आणि आतच पडून राहते.

३.३.४ तिसरी पायरी : स्वीकाराची तपासणी

आता प्रत्यक्ष एक पत्र देऊन पाहावे. पीएचपीचे ‘मेल’ फंक्शन पत्र आज्ञावलीच्या हाती सोपविते आणि ‘सत्य’ किंवा ‘असत्य’ असे मूल्य परत करते. पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो तो येथे. ‘सत्य’ आले म्हणजे पत्र पोहोचले, असे मानले जाते. पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेत मात्र स्पष्ट बजावले आहे की, या मूल्याचा अर्थ पत्र पुढे पाठविण्यासाठी स्वीकारले गेले, एवढाच आहे.

हा भेद किती खोल आहे, हे पोस्टफिक्सच्या वागणुकीवरून दिसते. पोस्टफिक्सची मुख्य यंत्रणा बंद असली, तरी तिचे ‘सेंडमेल’ नावाचे प्रवेशद्वार पत्र घेते आणि रांगेत ठेवते. यंत्रणा पुन्हा सुरू होईल तेव्हा पत्र निघेल, अशी ही योजना आहे. रचना म्हणून ती शहाणपणाचीच आहे. पत्र हरवत नाही. परंतु विचारणाऱ्या स्क्रिप्टला ‘यशस्वी’ असे उत्तर मिळते आणि पत्र मात्र जागचे हललेले नसते. आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले, असे समजण्यास हरकत नाही.

म्हणून तिसऱ्या पायरीनंतर रांग पाहणे आवश्यक ठरते. ‘मेलक्यू’ या आज्ञेने रांगेत थांबलेल्या पत्रांची यादी मिळते. चाचणीचे पत्र काही मिनिटांनंतरही रांगेत असेल, तर कारण शोधावे. सर्व्हरच्या नोंदवहीत ते सहसा लिहिलेले असते.

३.३.५ चौथी पायरी : पोच

पत्र पोहोचले, याची ग्वाही कोण देऊ शकतो? येथे मराठी क्रियापदांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. पुढील चार वाक्ये पाहा :

(अ) कार्यालयाने पत्र पाठवले.
(आ) पत्र निघाले.
(इ) पत्र पोहोचले.
(ई) विद्यार्थ्याला पत्र मिळाले.

‘पाठवणे’ या क्रियेत कर्ता प्रेषक आहे. ती घडली हे प्रेषक स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. ‘पाठवले, पण पोहोचले नाही’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. म्हणजेच पाठवण्यात पोहोचणे अंतर्भूत नाही. ‘मिळणे’ या क्रियापदाची रचना निराळी. तेथे घेणारा चतुर्थीत येतो : ‘विद्यार्थ्याला’. अनुभव त्याचा आहे, म्हणून साक्षही त्याचीच हवी. स्क्रिप्ट ही प्रेषकाच्या बाजूला उभी असते. तिने ‘पाठवायला दिले’ असे म्हणावे. ‘मिळाले’ असे म्हणण्याचा अधिकार तिला नाही.

जुन्या टपालव्यवस्थेला ही गोष्ट पुरती ठाऊक होती. रजिस्टर पत्रासोबत पोचपावती जोडत असत. ती पावती घेणाऱ्याच्या सहीनेच परत येत असे. ई-टपालातही तोच उपाय खात्रीचा आहे. चाचणीच्या पत्रात एक क्रमांक किंवा दुवा द्यावा. पत्र उघडणाऱ्याने तो क्रमांक संकेतस्थळावर भरावा अथवा दुव्यावर टिचकी मारावी. क्रमांक परत आला की चारही पायऱ्या एकदम सिद्ध होतात. तो परत आला नाही, तर मात्र मागे जाऊन एकेक पायरी तपासावी. पत्र स्पॅमच्या कप्प्यात गेले असण्याची शक्यताही प्रथम पाहावी.

परत येणाऱ्या पत्रांकडेही लक्ष द्यावे. पत्ता चुकीचा असेल तर ते न पोहोचल्याची सूचना प्रेषकाच्या पत्त्यावर येते. तो पत्ता कोणी पाहतच नसेल, तर सर्व्हरने प्रामाणिकपणे दिलेली माहिती वाया जाते.

३.३.६ देवनागरी आणि टपाल-आज्ञावली

पोच मिळाली, तरी मराठी पत्राच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो : अक्षरे शाबूत पोहोचली का? एसएमटीपीची मूळ रचना रोमन अक्षरांपुरती होती. पत्राच्या विषयाच्या ओळीत देवनागरी मजकूर असेल, तर तो ठरावीक पद्धतीने संकेतबद्ध करावा लागतो. तसे न केल्यास घेणाऱ्याला प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. म्हणून चाचणीचे पत्र मराठीतच लिहावे आणि त्यात जोडाक्षरे, रफार व मराठीचा ‘ळ’ यांचा समावेश करावा.

पत्ताच देवनागरीत असेल तर? २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन सुरू झाले. मराठी ही त्याने सामावलेल्या भाषांपैकी एक आहे. असा पत्ता स्वीकारता यावा म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये एसएमटीपीला ‘एसएमटीपी-यूटीएफ-८’ ही जोड देण्यात आली. पोस्टफिक्सने २०१५ सालच्या आवृत्तीत ती स्वीकारली. आपला सर्व्हर ती जाणतो का, हे दुसऱ्या पायरीतच कळते : ‘एहलो’ला उत्तर देताना आज्ञावली क्षमतांची जी यादी सांगते, तीत हे नाव आहे का ते पाहावे. ते नसेल तर आज्ञावली चालू आहे, परंतु देवनागरी पत्ता तिला वाचता येत नाही, असा निष्कर्ष निघतो.

३.३.७ निष्कर्षाची भाषा

आता आपण मूळ वाक्याकडे परत येऊ : ‘आपणास ई-मेल पाठविण्यात आला आहे.’ या कर्मणी रचनेत कर्ता लोपला आहे. कोणी पाठविला, कोठवर गेला, न आल्यास काय करावे, यांपैकी काहीच कळत नाही. पायरीनुसार संदेश पुढीलप्रमाणे असावेत :

* आज्ञावली सापडली नाही किंवा उत्तर देत नाही : ‘सध्या आमच्याकडून ई-मेल जात नाहीत. आपला अर्ज जतन झाला आहे. हा अर्ज क्रमांक लिहून ठेवा.’
* पत्र रांगेत स्वीकारले : ‘आपल्या पत्त्यावर पाठविण्यासाठी ई-मेल दिला आहे. एका तासात न मिळाल्यास स्पॅमचा कप्पा पाहा आणि अभ्यासकेंद्राशी संपर्क साधा.’
* क्रमांक परत आला : ‘आपला ई-मेल पत्ता पडताळला आहे.’

पहिल्या संदेशात अर्ज जतन झाल्याचे सांगितले आहे, ते अर्ज खरोखर जतन झाला असेल तरच सांगावे. संदेश सौम्य असावा. पण सौम्यतेसाठी सत्याला मुरड घालू नये. एसएमटीपीतच याचा एक चांगला नमुना आहे. एखादा पत्ता खरा आहे का, असे विचारल्यावर आज्ञावली कधी ‘२५२’ असे उत्तर देते. त्याचा अर्थ असा : पत्ता मला पडताळता येत नाही, पण पत्र द्या, मी प्रयत्न करीन. जे ठाऊक आहे तेवढेच सांगणारे हे उत्तर अनेक कार्यालयीन परिपत्रकांना धडा घालून देईल.

३.४ सारांश

टपाल-आज्ञावली कार्यरत आहे की नाही, हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत : ती आहे का, हाकेला ओ देते का, पत्र स्वीकारते का आणि पत्र पोहोचते का. आधीच्या प्रश्नाचा होकार पुढच्या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. पहिल्या तीन पायऱ्या स्क्रिप्ट एकटी चढू शकते. चौथीसाठी घेणाऱ्याची साक्ष लागते. संदेश लिहिताना क्रियापद निवडावे ते हाती असलेल्या पुराव्याच्या मापाचे.

३.५ पारिभाषिक शब्द

टपाल-आज्ञावली : सर्व्हरवर पत्रांची ने-आण करणारा प्रोग्राम.
पोर्ट : सर्व्हरशी जोडणी करण्याचे क्रमांकित दार.
रांग : स्वीकारलेली, परंतु अद्याप न निघालेली पत्रे.
नोंदवही : सर्व्हरवरील घडामोडींची क्रमवार नोंद असलेली फाइल.
पडताळणी : घेणाऱ्याच्या प्रतिसादावरून पत्ता खरा असल्याची खात्री करणे.

३.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. सर्व्हर-सर्व्हरांमधील टपालासाठी कोणते पोर्ट ठरलेले आहे?
२. ४ ने सुरू होणाऱ्या उत्तराचा अर्थ काय?
३. ‘मेल’ फंक्शनकडून ‘सत्य’ हे मूल्य आल्यास काय सिद्ध होते?
४. ‘मिळणे’ या क्रियापदाबरोबर घेणारा कोणत्या विभक्तीत येतो?

उत्तरे : १. पोर्ट २५. २. काम तूर्तास शक्य नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करावा. ३. पत्र पुढे पाठविण्यासाठी स्वीकारले गेले, एवढेच सिद्ध होते. ४. चतुर्थी विभक्तीत.

३.७ स्वाध्याय व उपक्रम

१. ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ या दोन उत्तरांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘पाठवणे’, ‘पोहोचणे’ व ‘मिळणे’ या क्रियापदांच्या रचना आणि अर्थ यांची तुलना करा.
३. उपक्रम : आपल्या वापरातील वीजबिल, बँक, रेल्वे आरक्षण इत्यादी सेवांकडून आलेले पाच मराठी संदेश जमवा. प्रत्येक संदेशातील क्रियापद कोणत्या पायरीचा दावा करते, ते ठरवा. दावा पुराव्यापेक्षा मोठा वाटल्यास संदेश पुन्हा लिहा आणि आपल्या बदलाचे कारण दोन वाक्यांत नोंदवा.